सुरक्षित कचरा, सुरक्षित हात : रुग्णालयीन कर्मचाऱ्यांसाठी एक अभ्यासपाठ

वार्षिक अहवालात सामान्यतः वर्षभरातील बाह्यरुग्ण, शस्त्रक्रिया, शिबिरे आणि देणग्या यांची नोंद असते. रुग्णालयात काय आले हे त्यावरून वाचकांस समजते. रुग्णालयातून दररोज काय बाहेर जाते, कोणाच्या हातांनी जाते आणि ते हात सुरक्षित आहेत काय, याविषयी मात्र अहवालाच्या पानांतून फारसे लिहिले जात नाही. आम्हीही अनेक वर्षे लिहिले नाही. ही उणीव भरून काढावी, आणि आमच्या कर्मचारी बंधुभगिनींना संग्रही ठेवता येईल असा एक पाठ द्यावा, या हेतूने प्रस्तुत लेख सादर करीत आहोत. संस्थेचे विश्वस्त, देणगीदार आणि हितचिंतक यांनीही तो वाचावा, अशी नम्र विनंती आहे. कारण यात काही गोष्टी आमच्या कौतुकाच्या नाहीत, आणि त्या आपल्यापासून झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

कचरा सारखा नसतो

रुग्णालयाचा सर्वच कचरा घातक असतो, असा एक गैरसमज आहे. आणि त्यात घातक असे काही नसते, असा दुसरा. वस्तुस्थिती या दोहोंच्या मधली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतून निर्माण होणाऱ्या कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा हा घरगुती कचऱ्यासारखाच, म्हणजे कागद, वेष्टने, उरलेले अन्न अशा स्वरूपाचा असतो. उरलेला सुमारे १५ टक्के कचरा संसर्गजन्य, विषारी अथवा अन्य प्रकारे धोकादायक असतो. शंभर किलोंमधील हे पंधरा किलो वेगळे ठेवले, तर प्रश्न पंधरा किलोंचाच राहतो. ते उरलेल्या पंच्याऐंशी किलोंत मिसळले, की शंभरच्या शंभर किलो घातक होतात. कचरा व्यवस्थापनाचे अर्धे शास्त्र या एका वाक्यात सामावले आहे. म्हणूनच वर्गीकरण हे कचरा जेथे निर्माण होतो तेथेच, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळ, ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर, शस्त्रक्रियागृहात आणि प्रयोगशाळेच्या टेबलावर झाले पाहिजे. एकदा मिसळलेला कचरा मागाहून निवडत बसणे हे निषिद्ध आहे, कारण ते निवडण्याचे काम कोणाच्या तरी बोटांनीच करावे लागते.

कायद्याची वाटचाल

आपल्या देशात या विषयाकडे कायद्याचे लक्ष गेले त्यास आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे. दिल्लीतील अस्वच्छतेविषयीच्या एका याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने १ मार्च १९९६ रोजी तेथील ५० व त्याहून अधिक खाटांच्या रुग्णालयांना दाहभट्टी अथवा तत्सम व्यवस्था करण्यास सांगितले. पुढे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये २० जुलै १९९८ रोजी जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीचे पहिले नियम अधिसूचित झाले. त्यांत कचऱ्याचे दहा प्रवर्ग होते. त्या नियमांची जागा २८ मार्च २०१६ रोजी अधिसूचित झालेल्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनी घेतली आणि दहा प्रवर्गांऐवजी चार रंगांची सुटसुटीत पद्धत आली. त्यानंतर त्यांत काही दुरुस्त्याही झाल्या. आपल्या राज्यात या नियमांची अंमलबजावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत होते.

या बदलात एक गोष्ट अडचणीची ठरली, ती येथे नमूद करणे आवश्यक आहे. १९९८ च्या नियमांत सुया व धारदार वस्तूंसाठी निळा अथवा पांढरा पारभासी असे दोन्ही रंग चालत असत. २०१६ च्या नियमांत धारदार वस्तू केवळ पांढऱ्या डब्यात गेल्या आणि निळा रंग काचेसाठी राखला गेला. पंधरा-अठरा वर्षे ज्या हाताला निळ्या रंगाची सवय लागली होती, तो हात भिंतीवरचा तक्ता बदलला म्हणून एका दिवसात बदलत नाही. नव्या कर्मचाऱ्यांपेक्षा जुन्या, अनुभवी आणि कर्तव्यदक्ष कर्मचाऱ्यांकडूनच या बाबतीत अधिक चुका होतात, असे आमच्या निदर्शनास आले. अनुभव हा गुणच आहे; परंतु नियम बदलला, की अनुभवी माणसालाही नव्याने शिकवावे लागते.

चार रंगांचा पाठ

आता मूळ पाठाकडे वळू. प्रत्येक कर्मचाऱ्याने, मग तो शल्यचिकित्सक असो वा सफाई कामगार, पुढील चार रंग पाठ म्हणून नव्हे तर हाताची सवय म्हणून आत्मसात करावेत.

पिवळी पिशवी : शस्त्रक्रियेत काढलेले अवयव व ऊतींचे भाग, प्रसूतीनंतरची वार, रक्त किंवा शरीरद्रव लागलेला कापूस, गॉझ, ड्रेसिंग आणि प्लास्टर, मुदत संपलेली औषधे, रक्ताने माखलेल्या गाद्या व चादरी. कर्करोगावरील औषधांचा कचरा पिवळ्यातच, परंतु वेगळा व तशी खूण करून ठेवावा. रक्ताच्या पिशव्या आणि प्रयोगशाळेतील जंतुसंवर्धनाच्या बशा यांचे प्रथम रुग्णालयातच निर्जंतुकीकरण करावे लागते. या रंगातील कचरा मुख्यतः उच्च तापमानाच्या दाहभट्टीत जातो.

लाल पिशवी : सलाइनचे संच व प्लास्टिकच्या बाटल्या, नळ्या, कॅथेटर, लघवीच्या पिशव्या, सुई काढलेल्या सिरिंजा आणि हातमोजे. लघवीची पिशवी रिकामी करूनच टाकावी. हा कचरा वाफेने निर्जंतुक करून त्याचे तुकडे केले जातात आणि मग तो अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे जातो. तो पिवळ्या पिशवीत घालून जाळल्यास, त्यातील क्लोरीनयुक्त प्लास्टिकमुळे डायॉक्सिन व फ्युरान ही अत्यंत विषारी द्रव्ये हवेत जाऊ शकतात. वॉर्डात झालेली चूक अशा रीतीने गावाच्या श्वासात उतरते. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्या कचऱ्यासाठी वापरण्यास मनाई आहे, तीही याच कारणासाठी.

पांढरा डबा : सुया, स्थिर सुई असलेल्या सिरिंजा, शस्त्रक्रियेची पाती, सलाइन लावल्यानंतर बाहेर काढलेली कॅन्युलाची आतील सुई. डबा पारभासी, न गळणारा, न टोचला जाणारा आणि एकदा बंद केल्यावर पुन्हा न उघडणारा असावा.

निळा डबा : काचेच्या औषधाच्या कुप्या, फुटलेले अँप्युल, काचेच्या बाटल्या आणि शरीरात बसविण्याचे धातूचे भाग. अँप्युलची काच टोचते, म्हणून ती पांढऱ्या डब्यात टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. काच निळ्यात, सुई पांढऱ्यात.

या चारांशिवाय जे उरते, म्हणजे हातमोज्यांचे कागदी वेष्टन, औषधांची खोकी, चहाचे पेले, जेवणाचे उरलेले अन्न, ते सर्व साधा कचरा होय. त्याचे ओले व सुके असे विभाजन करून तो नगरपालिकेच्या गाडीत द्यावा.

कोणतीही पिशवी तीन-चतुर्थांश भरली की बांधावी. कोणतीही पिशवी हाताने दाबू नये, छातीशी धरून नेऊ नये आणि जमिनीवरून ओढू नये. या शेवटच्या दोन ओळी सर्वांत सोप्या वाटतात. आम्हांस त्या सर्वांत महाग पडल्या.

एक प्रसंग

२०१७ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या स्त्री-कक्षात कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्या एक सफाई कामगार मावशी होत्या. सायंकाळची पिशवी भरून वर आली होती. ती बांधली जावी म्हणून मावशींनी ती तळहाताने खाली दाबली. पिवळ्या पिशवीत सुई असण्याचे काहीच कारण नव्हते. परंतु ती होती. हातमोजा भेदून ती मधल्या बोटात शिरली. मावशींनी बोट धुतले, घरी जाऊन हळद लावली, चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे कामावर आल्या. कोणास काही सांगितले नाही. सायंकाळी बोट सुजलेले पाहून परिचारिकेने विचारले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. "सांगितलं असतं तर उद्यापासून येऊ नका म्हणाले असते," एवढेच त्या म्हणाल्या.

त्यांना तातडीने वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेण्यात आले. सुई कोणत्या रुग्णाची हे सांगणे अशक्य होते, कारण पिशवी संपूर्ण कक्षाची होती. लसीकरणाची नोंदवही काढली असता त्यांचे नाव तिच्यात नव्हते. आमच्या वेतनपटावरील प्रत्येकाचे नाव त्या वहीत होते. कंत्राटदाराच्या माणसांची नावे कंत्राटदाराच्या वहीत असतील असे आम्ही धरून चाललो होतो, आणि कंत्राटदाराकडे तशी वहीच नव्हती. वस्तुतः कचरा हाताळणाऱ्या सर्वांना हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी रुग्णालयावरच टाकली आहे. तो नियम आम्ही वाचला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींना कार्यालयात बोलावून, पिशवी हाताने दाबू नये हे ठाऊक नव्हते काय, असे विचारले. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "पिशव्या पुरवून वापरायच्या म्हणून आपणच कागद लावला होता ना, साहेब?"

तो कागद आमच्याच सहीचा होता. त्या वर्षी पिशव्यांवरील खर्च अंदाजपत्रकाबाहेर जाऊ लागला, म्हणून पिशव्या पूर्ण भरल्याशिवाय बदलू नयेत, अशी सूचना आम्ही प्रत्येक कक्षात लावली होती. काही रुपयांच्या पिशवीत आम्ही बचत केली आणि तिची किंमत एका बोटाने मोजली. सुई चुकीच्या पिशवीत टाकणारा हात कोणाचा होता, हे आजतागायत कळलेले नाही. पिशवी दाबायला लावणारा हात मात्र आमचा होता.

औषधे सुरू झाली, लसही देण्यात आली. रक्ताच्या तपासण्या प्रथम लगेच, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी करावयाच्या होत्या. या काळात मावशी कामावर येत राहिल्या. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीस त्यांच्या सूनबाई सोबत आल्या, तेव्हा त्यांच्याकडून कळले, की मावशींनी घरात स्वतःचे ताट-वाटी वेगळी केली आहे आणि नातवाला त्या जवळ घेत नाहीत. हे आजार एकत्र जेवण्याने अथवा मूल कडेवर घेण्याने होत नाहीत, ही साधी गोष्ट त्यांना कोणीच सांगितली नव्हती. आम्ही औषध दिले होते, धीर दिला नव्हता. सहाव्या महिन्याची तपासणीही निर्दोष आली. अहवाल हाती पडल्यावर मावशींनी तो कपाळाला लावला. आम्हांस त्यांच्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नाही.

सुई टोचली तर

हा प्रसंग पुन्हा घडू नये हा पहिला प्रयत्न. घडलाच तर काय करावे, हे ठाऊक असणे हा दुसरा. बाधित रक्ताची सुई टोचल्यास, लस न घेतलेल्या व्यक्तीस हिपॅटायटिस-बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत असते. हिपॅटायटिस-सी होण्याची शंभरात सुमारे दोन आणि एचआयव्हीची हजारात सुमारे तीन. सर्वाधिक चर्चा ज्या आजाराची होते, त्याचा धोका सर्वांत कमी. आणि ज्यावर खात्रीची लस उपलब्ध आहे, त्याचा सर्वांत जास्त. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातही, किमान सात दिवस तग धरू शकतो. त्यामुळे 'कालची सुई आहे, काही होत नाही' हा समज सोडून द्यावा.

टोचल्याबरोबर पुढील क्रम पाळावा :

१. हातातील काम ताबडतोब थांबवावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. बोट पिळू नये, तोंडात घालू नये, त्यावर तीव्र जंतुनाशक ओतू नये.

२. डोळ्यांत रक्त अथवा द्रव उडाल्यास डोळे स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावेत.

३. त्याच क्षणी कक्षातील सिस्टरांना सांगावे आणि अपघात विभागातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये.

४. एचआयव्हीविरुद्धची प्रतिबंधक औषधे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आवश्यक वाटल्यास ती शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ती २८ दिवस घ्यावयाची असतात. मध्येच सोडू नयेत.

५. घटनेची नोंद अपघात नोंदवहीत करावी. ही नोंद दोषारोपासाठी नाही, उपचारासाठी आहे.

हिपॅटायटिस-बीच्या लसीच्या तीन मात्रा असतात. पहिलीनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी. दोन घेऊन तिसरी विसरलेले कर्मचारी आमच्या वहीत बरेच निघाले. तिसऱ्या मात्रेची तारीख आता प्रत्येकाच्या ओळखपत्राच्या मागील बाजूस लिहिली जाते.

'निरंक' या शब्दाविषयी

दरवर्षी ३० जूनपूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळास विहित नमुन्यात वार्षिक विवरण सादर करावे लागते. त्यात अपघातांचा रकाना असतो. २०१७ पूर्वी त्या रकान्यात आम्ही वर्षानुवर्षे 'निरंक' असे लिहीत आलो. ते लिहिताना आम्हांस समाधान वाटे. मावशींच्या प्रसंगानंतर आम्ही कक्षाकक्षांत जाऊन, कोणासही शिक्षा होणार नाही असे आश्वासन देऊन विचारले, तेव्हा परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातील वॉर्डबॉय, अशा अनेकांनी आपापली बोटे पुढे केली. त्यांपैकी एकाही घटनेची नोंद नव्हती. 'निरंक'चा अर्थ अपघात झाला नाही असा नव्हता. कोणी सांगितले नाही, एवढाच होता.

त्यानंतरच्या वर्षी नोंदवहीत घटना दिसू लागल्या. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका सन्माननीय सदस्यांनी, प्रशिक्षण सुरू केल्यावर अपघात वाढले कसे, असा रास्त प्रश्न विचारला. अपघात वाढले नसून लपविणे कमी झाले आहे, हे आमचे उत्तर होते. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, देणे वाढले नव्हते. ते प्रथमच ताळेबंदात दिसू लागले होते.

जागृती कशी झाली, कशी झाली नाही

प्रशिक्षण आम्ही पूर्वीही देत होतो. सभागृहात दुपारी दोन वाजता व्याख्यान होई, पडद्यावर चित्रे दाखविली जात, हजेरीपटावर सह्या होत आणि चहापानाने सांगता होई. नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतर दरवर्षी किमान एकदा प्रशिक्षण द्यावे, हा नियम कागदोपत्री पाळला जाई. परंतु रात्रपाळीचे कर्मचारी त्या वेळी घरी झोपलेले असत, कंत्राटी कामगारांना निमंत्रणच नसे, आणि डॉक्टर मंडळी बाह्यरुग्ण विभागात व्यग्र असत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीवरील तक्ता हा केवळ रंगीत कागद होता.

आता पद्धत बदलली आहे. पाळी बदलण्याच्या वेळी, कक्षातच, वीस मिनिटे. एका टेबलावर न वापरलेल्या, स्वच्छ वस्तू मांडल्या जातात : सिरिंज, अँप्युल, कॅन्युला, हातमोजे, सलाइनचा संच, कापसाचा बोळा, बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन. प्रत्येकाने एकेक वस्तू उचलून योग्य रंगात टाकावयाची आणि का, ते सांगावयाचे. चुकल्यास शेजारच्याने सुधारावयाचे. या टेबलासमोर पदाचा मान नाही. एकदा एका ज्येष्ठ डॉक्टरांनी अँप्युल पांढऱ्या डब्यात टाकले आणि शेजारी उभ्या असलेल्या वॉर्डबॉयने अदबीने, "सर, काच निळ्यात," असे सांगितले. डॉक्टर हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून त्या कक्षात एकमेकांस सांगण्याचा संकोच उरला नाही. शंभर परिपत्रकांनी जे झाले नसते, ते त्या एका थापेने झाले.

डॉक्टर व परिचारिकांना आमचे एक आग्रहाचे निवेदन आहे. सुई टाकणारा हात वेगळा असतो आणि टोचले जाणारे बोट वेगळे असते. वापरलेल्या सुईवर दोन्ही हातांनी टोपण बसवू नये. ज्याने सुई वापरली, त्यानेच ती नीडल कटरमध्ये कापून पांढऱ्या डब्यात टाकावी. ट्रेमध्ये, गादीखाली किंवा कापसाच्या बोळ्यात गुंडाळून ठेवू नये. आपण सोडून दिलेली सुई आपल्याला नव्हे, आपल्यामागून येणाऱ्याला टोचते.

कचऱ्याची खतावणी

आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्र आमचा प्रांत नव्हे. परंतु जमेची बाजू खर्चाशी ताडून पाहणे आम्हांस समजते. कचऱ्याच्या प्रत्येक पिशवीस बारकोड असतो, तिचे वजन होते आणि रोजच्या नोंदी ठेवाव्या लागतात. या नोंदी केवळ तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी नाहीत. भांडारातून कक्षास दिलेल्या सुया आणि कक्षातून भरून आलेले पांढरे डबे यांची आम्ही दरमहा तुलना करू लागलो. दोन शेजारच्या कक्षांना जवळपास सारख्याच सुया दिल्या जात असताना एकाचा डबा दुसऱ्याच्या निम्म्या वेगाने भरत होता. उरलेल्या सुया कोठे जात होत्या, हे सांगावयास नको. त्या कक्षात नीडल कटर नादुरुस्त असून त्याची तक्रार भांडाराकडे पडून असल्याचे आढळले. ते बदलताच डबा भरू लागला.

दुसरी गंमत पिवळ्या पिशव्यांची. सोमवारी त्यांचे वजन एकाएकी वाढत असे. शोध घेता, रविवारी भेटीस येणारे नातेवाईक शहाळी आणतात आणि रिकामी शहाळी जवळ दिसेल त्या पिशवीत टाकतात, असे निष्पन्न झाले. सामायिक प्रक्रिया केंद्राची आमच्याकडील आकारणी वजनावर असल्याने आम्ही दर आठवड्यास शहाळी जाळण्याचे पैसे भरीत होतो. भेटीच्या दालनाबाहेर मोठी टोपली ठेवून हा प्रश्न सुटला. काटकसर करावयाची तर ती येथे करावी. पिशव्यांच्या संख्येत नव्हे.

फाटकाबाहेर

पिशवी फाटकाबाहेर गेली की जबाबदारी संपली, असे नाही. ७५ किलोमीटरच्या परिसरात सामायिक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असेल, तर रुग्णालयाने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारू नये, असा नियम आहे. परंतु गाडी येईपर्यंत कचरा सुरक्षित ठेवणे हे आमचेच काम असते. प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा अधिक साठवू नये आणि साठवण-खोलीस कुलूप असावे. कुलूप चोरांसाठी नसून कचरावेचक मुलांसाठी आहे. २००९ साली गुजरातमधील मोडासा परिसरात हिपॅटायटिस-बीची साथ पसरून अनेकांचा मृत्यू झाला. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरात आल्याचे त्या वेळी उघडकीस आले. सिरिंज न कापता बाहेर जाऊ दिली, तर ती कोणत्या वाटेने कोणाच्या दंडापर्यंत परत येईल, हे सांगता येत नाही.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुहेरी पिशव्या व स्वतंत्र खुणांच्या सूचना दिल्या. त्या दिवसांत अनेकांनी भीतीपोटी जेवणाच्या थाळ्यांपर्यंत सर्वच पिवळ्या पिशव्यांत टाकले. आमच्या कक्षांत मात्र सफाई कामगारांनीच, "ही साधी पिशवी, ही पिवळी," असे नवीन आलेल्या परिचारिकांना सांगितले. शिकलेले आता शिकवू लागले होते.

समारोप

गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन या महाराष्ट्रास स्वच्छतेचा धडा दिला. त्यांचा खराटा स्वतःच्या हातात असे, हे आपण विसरता कामा नये. रुग्णालयात स्वच्छतेची जबाबदारी वरून खाली ढकलत नेली, की ती अखेर ज्याच्या हाती काहीच नाही अशा माणसाच्या बोटात जाऊन रुतते.

यापुढे प्रत्येक कंत्राटी कामगाराचे लसीकरण, वार्षिक आरोग्य तपासणी व प्रशिक्षण आमच्याच वहीत नोंदले जाईल. कचरा व्यवस्थापन समितीच्या सहामाही बैठकीत एका सफाई कामगारास सदस्य म्हणून बोलाविले जाईल. आणि पिशव्यांच्या मागणीपत्रावर खर्चाच्या कारणास्तव कात्री लावली जाणार नाही. हे तीन संकल्प या अहवालाद्वारे आम्ही विश्वस्त मंडळासमोर जाहीर करीत आहोत. पुढील वर्षी याच पानांवर त्यांचा हिशेब विचारण्याचा आपणांस अधिकार आहे.

देणगीदारांस एक विनंती. यंत्रासाठी, खोलीसाठी, नावाच्या पाटीसाठी आपण उदार हस्ते देता, त्याबद्दल संस्था ऋणी आहे. हातमोज्यांवर, पांढऱ्या डब्यांवर आणि पिवळ्या पिशव्यांवर कोणाचे नाव कोरता येत नाही. तरीही त्यासाठी दिलेला रुपया कोणाचे तरी बोट वाचवितो.

ज्या मावशींचा उल्लेख वर आला, त्या आता आमच्या वेतनपटावर आहेत. नव्याने येणाऱ्या कामगारांना पिशवी कशी बांधावी, हे त्याच दाखवितात. तीन-चतुर्थांश भरली, की त्या हात वर करून थांबवितात आणि म्हणतात, "बास. आता दुसरी घ्या."

— प्रशासन विभाग